पाचोळ्यातले नवरंग

दसऱ्याच्या आगेमागे म्हैसूर शहरातल्या पक्षिनिरीक्षकांकडे एका विशिष्ट प्रकारची छायाचित्रे येऊ लागतात. कोणाच्या परसात, जिन्याखाली किंवा न्हाणीघराच्या खिडकीशी एक ठेंगणा, जवळजवळ बिनशेपटीचा पक्षी पहाटे बसलेला आढळलेला असतो. तो उडत नाही, ओरडत नाही. डोळे अर्धवट मिटून अंग फुगवून बसतो. सोबतची विचारणाही ठरलेली असते : हा कोणाच्या पिंजऱ्यातून सुटलेला परदेशी पक्षी आहे का? तसे वाटण्यात नवल नाही. पाठ हिरवी, पंखावर निळ्याची झळाळी, गळा पांढरा, पोट फिक्या बदामी रंगाचे, शेपटीखाली किरमिजी, आणि चोचीपासून मानेपर्यंत डोळ्यावरून गेलेला जाड काळा पट्टा. एवढे रंग एका १९ सेंटिमीटरच्या देहावर असल्यावर तो इथलाच असेल हे पटायला वेळ लागतो.

तो इथलाच आहे. मराठीत त्याला नवरंग म्हणतात आणि कन्नडमध्येही नवरंगच. हिमालयाच्या पायथ्याशी, मध्य भारतात आणि सह्याद्रीच्या काही भागांत पावसाळ्यात वीण उरकली की हा पक्षी दक्षिणेकडे निघतो. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत परततो. प्रवास रात्रीचा असतो. दिवसा जमिनीवर चालणारा, उडण्याचा कंटाळा असल्यासारखा वागणारा हा पक्षी रात्री शेकडो किलोमीटरांची मजल मारतो, आणि पहाटे थकून जिथे उतरतो तिथे उतरतो. कधी ते रान असते, कधी कोणाची मोरी. दिव्यांच्या उजेडाने रात्रीचे प्रवासी पक्षी वाट चुकतात, काचेवर आपटतात, हे जगभरच्या शहरांत नोंदले गेले आहे. म्हैसूरचा राजवाडा सुमारे एक लाख दिव्यांनी उजळतो ते दिवस आणि नवरंगाच्या दक्षिणेकडच्या प्रवासाचे दिवस साधारण एकच असतात. या योगायोगावर लगेच आरोपपत्र लिहिण्याची गरज नाही. पण अशा शहरात पहाटे सापडलेल्या पक्ष्याला पाणी पाजण्याची घाई न करता, अंधाऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात दिवसभर निवांत ठेवून संध्याकाळी झाडीत सोडावे, एवढे तरी माहीत असायला हवे. बहुतेक वेळा त्याला विश्रांतीच हवी असते. बाहेर कावळे टपलेले असतात.

कावळ्यांचा उल्लेख आला म्हणून सांगायला हवे. १७६६ साली कार्ल लिनियसने या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्याला कावळ्यांतच बसवले होते : कॉर्व्हस ब्रॅकियुरस, म्हणजे आखूड शेपटीचा कावळा. दूर स्वीडनमध्ये बसून ज्याची चाल, ज्याचा आवाज कधी अनुभवला नाही अशा पक्ष्याचे वर्गीकरण करताना असे होणारच. ती चूक पुढे लुई व्हिएयो या फ्रेंच अभ्यासकाने दुरुस्त केली. त्याने १८१६ मध्ये या पक्ष्यांसाठी स्वतंत्र प्रजाती उभी केली आणि तिला नाव दिले ‘पिट्टा’. हा शब्द लॅटिन नाही, ग्रीकही नाही. तेलुगूत पिट्ट म्हणजे लहान पक्षी, पाखरू. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या कोणा पारध्याने किंवा बागवानाने ‘हे काय?’ या प्रश्नाला दिलेले साधे उत्तर, ‘पाखरू’, असे युरोपच्या शास्त्रग्रंथांत कायमचे जाऊन बसले.

तो शब्द तिथेच थांबला नाही. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांत आखूड शेपटीचे, लांब पायांचे, पाचोळ्यात वावरणारे पक्षी आढळले, तेव्हा इंग्रजीत त्यांना ‘अँटपिट्टा’ म्हटले गेले. त्यांची मुख्य प्रजाती ग्रॅलेरिया. तीही व्हिएयोनेच, त्याच १८१६ साली, स्थापलेली. आज तिच्यात चाळीसहून अधिक जाती मोजल्या जातात. अँडीज पर्वताच्या धुक्यात उभा राहून एखादा पेरूवियन वाटाड्या पर्यटकाला ‘अँटपिट्टा’ दाखवतो तेव्हा त्याच्या तोंडी तेलुगू असते, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

‘प्रजाती’ आणि ‘जाती’ या दोन शब्दांविषयी इथे जरा थांबावे लागेल. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत प्रजाती हा मोठा गट आणि जाती त्याच्या पोटातला लहान. वृत्तपत्री मराठीने हिंदीच्या प्रभावाने ‘प्रजाती’ हाच शब्द जातीसाठी वापरायला सुरुवात केली, आणि आता ‘पक्ष्याच्या नव्या प्रजातीचा शोध’ असा मथळा वाचला की नेमके काय सापडले हे कळत नाही. आडनाव सापडले की माणूस? पिट्टाची गोष्ट समजून घ्यायची तर हा फरक जपावा लागतो, कारण सगळी गोष्टच आडनावे बदलण्याची आहे.

फार काळ पिट्टा कुळातले सारे पक्षी एकाच पिट्टा प्रजातीत नांदत होते. आफ्रिकेतले दोन, ऑस्ट्रेलियातले थोडे, आणि बाकीचे सारे भारतापासून सॉलोमन बेटांपर्यंतच्या उष्ण प्रदेशात. सगळ्यांची ठेवण एकसारखी : आखूड शेपटी, लांब पाय, मोठे डोके, दणकट चोच. रंग मात्र असे की जणू रंगाऱ्याच्या दुकानातले उरलेसुरले सारे डबे यांच्यावरच रिकामे झाले. ठेवण सारखी म्हणून घर एकच, हा तर्क सोयीचा होता. २००६ मध्ये मार्टिन इरेस्टेड आणि त्यांच्या स्वीडिश सहकाऱ्यांनी संग्रहालयांतल्या जुन्या, वाळलेल्या पक्षिचर्मांतून डीएनए मिळवून तो तपासला, तेव्हा या घरात तीन वेगळ्या वाड्या आहेत असे दिसले. पिट्टा, एरिथ्रोपिट्टा आणि हायड्रॉर्निस. यांतले हायड्रॉर्निस हे नाव नवे नव्हे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी ते १८४३ मध्येच सुचवले होते. अर्थ ‘जलपक्षी’, म्हणजे संपूर्ण चुकीचा, पण नियमाप्रमाणे जुने नाव पुन्हा वापरात आले. हायड्रॉर्निसमध्ये नर आणि मादी वेगळे दिसतात. पिट्टात दोघे सारखेच. डोळ्यांसमोर असलेला हा फरक वर्गीकरणात मानाने बसायला डीएनएची साक्ष लागली.

भारतात ईशान्येकडच्या जंगलांतला निळा पिट्टा आणि निळ्या मानेचा पिट्टा असे हायड्रॉर्निसमध्ये गेले. नवरंग मूळ घरातच राहिला, आणि त्याच्या सख्ख्या भावंडांशी त्याचे नाते अधिक स्पष्ट झाले. ही भावंडे चार : भारतातला नवरंग, पूर्व आशियात वीण करणारा परी पिट्टा, आग्नेय आशियातला निळ्या पंखांचा पिट्टा, आणि सुंदरबन-भितरकनिकेपासून मलायाच्या किनाऱ्यापर्यंत खारफुटीत राहणारा खारफुटी पिट्टा. चौघे इतके सारखे, की पूर्वी काही अभ्यासक त्यांना एकाच जातीचे प्रकार मानत. आता ते चार स्वतंत्र जाती आहेत.

यावर विज्ञानाच्या विद्यार्थ्याने स्वाभाविक शंका घ्यावी : पक्षी तोच, रान तेच; कागदावर एकाचे चार झाले म्हणून काय बदलले?

खारफुटी पिट्टाचे उदाहरण घेता येईल. नवरंग आज आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘चिंता नको’ या वर्गात आहे. त्याचा वावर भारतभर आहे. खारफुटी पिट्टा त्याच यादीत ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ मानला जातो, कारण तो किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्याबाहेर जगूच शकत नाही. दोघांना एक मानले असते तर दुसऱ्याचे संकट पहिल्याच्या विपुलतेखाली झाकले गेले असते. २०२३ मध्ये ओडिशाच्या केंद्रपाडा आणि जगतसिंगपूर जिल्ह्यांत वनविभागाने खारफुटी पिट्टाची पहिली गणना केली आणि १७९ पक्षी मोजले. चिखलात, भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळत, मुख्यतः आवाजाच्या मागाने फिरून एवढ्या लाजऱ्या पक्ष्याची अशी मोजणी करावी असे कोणाच्या मनात आले, कारण त्याला स्वतःचे नाव होते. वन्यजीव संरक्षण कायद्याची तऱ्हा मात्र वेगळी. २०२२ च्या दुरुस्तीपूर्वी त्याच्या चौथ्या परिशिष्टात पिट्टांचे सबंध कुळच एकगठ्ठा नोंदलेले होते. त्यामुळे शास्त्रज्ञांनी घरात कितीही भिंती घातल्या तरी कायद्याला फरक पडत नव्हता. सरकारी ढोबळपणाचा असा फायदा क्वचितच होतो.

फिलिपिन्सपासून सुलावेसी, मोलुक्का, न्यू गिनीमार्गे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत पसरलेल्या लाल पोटाच्या पिट्टाचे याच शतकात असेच झाले. एक जात समजला जाणारा हा पक्षी १७ पर्यंत स्वतंत्र जातींत विभागता येईल असे २०१३ च्या अभ्यासाने सुचवले. सगळ्यांनी तो आकडा मान्य केलेला नाही. कोणी कमी धरतात. २००९ मध्ये ख्रिस गुडी नावाचा इंग्रज पक्षिवेडा नोकरी सोडून एका वर्षात जगातले सगळे पिट्टा पाहायला निघाला, तेव्हा ‘सगळे’ म्हणजे ३२ होते. त्याने ते पाहिले आणि पुस्तकही लिहिले. आज कुठल्याही प्रमुख यादीप्रमाणे चाळिशी ओलांडलेली आहे. बिचाऱ्याचा विक्रम घरबसल्या अपुरा झाला.

नावे वाढली म्हणून पक्षी वाढत नाहीत, याचा सर्वांत कडू दाखला गर्नीचा पिट्टा हा आहे. त्याचे शास्त्रीय वर्णन १८७५ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी केले. होय, तेच ह्यूम, ज्यांच्या पुढाकाराने दहा वर्षांनी मुंबईत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. पाठ्यपुस्तकांत त्यांचे एवढेच ओझरते दर्शन होते. सिमल्याला त्यांनी उभारलेला पक्ष्यांचा अफाट संग्रह आणि ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक विद्यार्थ्यांपर्यंत पोचत नाही. निळ्या डोक्याचा, पिवळ्या-काळ्या पोटाचा हा पक्षी दक्षिण ब्रह्मदेश आणि थायलंडच्या सखल रानांतला. १९५२ नंतर तो दिसेनासा झाला. १९८६ मध्ये फिलिप राउंड आणि उथाई त्रीसुकोन यांनी तो दक्षिण थायलंडमध्ये पुन्हा शोधून काढला. २००३ मध्ये म्यानमारच्या तनिंथारी भागातही सापडला. दोन्ही देशांत त्याची सखल रानेच रबरासाठी आणि पामतेलाच्या माडांसाठी तोडली गेली, आणि थायलंडमध्ये तो आता जवळजवळ संपला आहे. पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार देश भारत आहे. इथले तेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येते, गर्नीच्या रानातून नव्हे. पण मागणीला सीमा कळत नाहीत, आणि फरसाणाच्या कढईशी या पक्ष्याचे नाते लांबचे का होईना, आहे.

जाती कशा ओळखायच्या, या प्रश्नात पिट्टांचा आवाज महत्त्वाचा ठरतो. त्याचे कारण मोठे रंजक आहे. परिचयाचे बहुतेक गाणारे पक्षी, बुलबुल, दयाळ, शिंजीर, गाणे शिकतात. पिल्लू वडीलधाऱ्यांचे ऐकते, अडखळत गिरवते, मग त्याचा गळा बसतो. घराण्याची तालीमच म्हणा. पिट्टा या मंडळींपैकी नाहीत. ते आणि ब्रॉडबिल हे जुन्या जगात उरलेल्या एका प्राचीन शाखेचे वंशज. त्या शाखेचा प्रचंड विस्तार दक्षिण अमेरिकेत झाला, आणि अँटपिट्टा त्यातलेच. म्हणजे ज्या पक्ष्यांना केवळ दिसण्यावरून तेलुगू आडनाव मिळाले ते खरोखरच दूरचे आप्त निघाले. या शाखेतल्या पक्ष्यांचे गाणे, निदान जिथे तपासले गेले तिथे, बहुतांशी जन्मजात असते. डोनाल्ड क्रूड्समा आणि मासाकाझू कोनिशी यांनी १९९१ मध्ये ईस्टर्न फीबी या अमेरिकी पक्ष्याची पिल्ले बहिरी करून वाढवली, तरी ती मोठी होऊन आपल्या जातीचेच गाणे बिनचूक गायली. प्रयोग क्रूर वाटतो, पण त्याचा निष्कर्ष निर्विवाद आहे. अमेरिकेतल्या घंटापक्ष्यांसारखे अपवाद आहेत. ते मात्र शिकतात.

गाणे शिकलेले नसेल तर दोन ठिकाणच्या गाण्यांतला फरक हा बोलीभाषेचा फरक नसतो, तो रक्तातला असतो. म्हणून या शाखेत ध्वनिमुद्रण हा जवळजवळ वंशावळीचा पुरावा ठरतो. याच आधाराने, डीएनएची जोड देऊन, २०२० मध्ये अँडीजमधल्या तांबूस अँटपिट्टाची डझनाहून अधिक जातींत विभागणी झाली, आणि त्यांतल्या सहा जातींना तर तोवर नावच नव्हते. तपकिरी रंगाचे, एकमेकांसारखे दिसणारे पक्षी. वेगळे होते ते शिट्टीने.

नवरंगाची शिट्टी दोन सुरांची असते. पहिला सूर चढता, दुसरा उतरता, मान मागे टाकून घातलेली साद. ती पहाटे आणि तिन्हीसांजेला अधिक ऐकू येते. म्हणून तमिळमध्ये त्याला आरुमणी कुरुवी, सहाच्या ठोक्याचा पक्षी, म्हणतात. सिंहलीत त्याच्या सादेवरूनच अविच्चिया हे नाव पडले. एका पक्ष्याला कोणी रंगावरून हाक मारावी, कोणी घड्याळावरून आणि कोणी आवाजावरून. मराठी आणि कन्नड या दोन भाषांनी त्याला पाहिले, तमिळ आणि सिंहलीने ऐकले, असे फार तर म्हणता येईल.

पाहणे तसे कठीणच. म्हैसूरजवळ श्रीरंगपट्टणच्या वाटेवर कावेरीतल्या बेटांवर बगळे-करकोचे हजारोंनी घरटी करतात. सालिम अलींच्या आग्रहामुळे १९४० मध्ये रंगनतिट्टूला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि आज तिथे नावांसाठी रांगा लागतात. म्हैसूर संस्थानाच्या पक्ष्यांची पाहणी अलींनी त्याच सुमारास केली, आणि तिचे वृत्तांत १९४२-४३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले. करकोच्यांना अभयारण्य मिळते, कारण ते दिसतात. नवरंगाला कोणते अभयारण्य द्यायचे? हिवाळ्यात त्याला लागते ती झुडपाखालची काही हात ओलसर सावली आणि तिथला पाचोळा. तो एका पायावर थांबतो, पाने उलटतो, गांडुळे, वाळवी, बीटल, गोगलगाई टिपतो. नवरंगाच्या मेंदूतला गंध ओळखणारा भाग तपासलेल्या पंचवीस गायक पक्ष्यांत सर्वांत मोठा निघाला होता, त्यामुळे पानांखालचे भक्ष्य ही मंडळी वासानेही शोधत असावीत असा कयास आहे.

आणि इथेच म्हैसूरची खरी अडचण आहे. २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे हे शहर देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरले. त्याचा नागरिकांना अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. परंतु स्वच्छतेच्या कल्पनेत प्लास्टिकची पिशवी आणि पिंपळाचे पान एकाच केरसुणीखाली येतात. बागेत पान पडले की ते दिसेनासे झाले पाहिजे, असा एक दंडक भारतातल्या सगळ्याच नेटक्या शहरांनी स्वीकारला आहे. पुणे-नाशिकही त्याला अपवाद नाहीत. झाडाखाली उघडी, तुडवलेली, झाडलेली माती उरते. झाड वाचले म्हणून टाळ्या पडतात. झाडाच्या पायाशी जी खानावळ चालत असे ती बंद झाल्याची नोंद कोणत्याच सर्वेक्षणात होत नाही.

कोकणात पाचोळ्याला पातेरा म्हणतात आणि तो पूर्वापार गोळा केला जातो : भाजावळीला, आंब्याच्या बुडाला, गोठ्यात अंथरायला. तिथेही माणूस तो उचलतोच. पण उचलतो तो कामासाठी, गरजेपुरता, आणि डोंगरउतारावर पुष्कळ राहून जातो. मे सरता सरता नवरंग त्या रानांत परत येतो, काटक्या-पानांचा, बाजूला तोंड असलेला गोल गोळा जमिनीवर किंवा खालच्या फांदीत रचतो, आणि पावसाच्या धारांत चार-सहा पांढरी, तांबूस ठिपक्यांची अंडी उबवतो. उपयोगासाठी उचलणे आणि शोभेसाठी झाडणे यांतला भेद नगररचनेच्या अभ्यासक्रमांत यायला हरकत नाही.

याच म्हैसुरात १९९६ पासून नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन ही संस्था काम करते, आणि इथल्याच हौशी निरीक्षकांनी २०१४ ते २०१६ या काळात शहराचे चौकोन आखून, प्रत्येक चौकोनात ठरावीक वेळी फिरून शहरी पक्ष्यांचा नकाशासंग्रह तयार केला. अशा लाखो साध्या नोंदींवरच ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला. दीर्घकालीन कल सांगता येईल अशा ३३८ जातींपैकी ६० टक्के जाती घटलेल्या आढळल्या. फळांवर आणि मधावर जगणारे पक्षी त्यात बऱ्यापैकी टिकून आहेत. किडे खाणाऱ्यांची स्थिती त्यांच्याहून वाईट आहे. शहरात फुलझाडे लावणे सोपे असते आणि किड्यांना जागा देणे कठीण, हे त्या तक्त्यांकडे पाहताना आठवावे.

कुक्करहळ्ळी तलाव १८६४ मधला. त्याच्या बांधावर कुवेंपू फिरत, आर. के. नारायण फिरत, आज सकाळी सारे शहर फिरते. बांधावरची वाट झाडलेली असते, ती असावीही. पण काठाने आत, बांबूच्या बेटांखाली आणि जुन्या वृक्षांच्या सावलीत, केरसुणी न पोचलेले काही तुकडे अजून आहेत. हिवाळ्यातल्या दिवशी सहाच्या सुमारास, फिरणाऱ्यांची गर्दी ओसरायच्या आत, तिथून दोन सुरांची शिट्टी येते. निम्म्या लोकांच्या कानांत इयरफोन असतात. उरलेल्यांपैकी एखादा थांबतो, झाडावर पाहतो, काही दिसत नाही म्हणून पुढे जातो. पक्षी खाली, पाचोळ्यात असतो.